पंचवटीतील निवास व भोजनव्यवस्था

पंचवटी हा महाराष्ट्रातील नाशिक शहराचा गोदावरीच्या डाव्या तीरावरील भाग आहे. रामकुंड, काळाराम मंदिर, सीतागुंफा, कपालेश्वर मंदिर आणि तपोवन या स्थळांमुळे येथे वर्षभर यात्रेकरू येतात. त्यांच्या राहण्या-जेवण्याची येथील व्यवस्था उपाध्यांचे वाडे, धर्मशाळा, भक्तनिवास, लॉज, खानावळी आणि मिसळीची दुकाने अशा अनेक थरांची आहे. एखाद्या किनारी पर्यटनशहरात हॉटेल हेच प्रवासाचे निमित्त असू शकते. पंचवटीत निमित्त स्नानाचे, श्राद्धाचे किंवा दर्शनाचे असते आणि खोली त्याच्या सोयीने घेतली जाते. बहुसंख्य यात्रेकरू एक रात्र, फार तर दोन रात्री थांबतात. व्यवस्थेचे स्वरूप आणि तिचे बरेचसे दोष यातूनच आले आहेत.

स्थान आणि परिसर

गोदावरी त्र्यंबकेश्वरजवळच्या ब्रह्मगिरीवर उगम पावून नाशकात येते. तिच्या उजव्या तीरावर जुने नाशिक व डाव्या तीरावर पंचवटी वसली आहे. स्थानिक बोलण्यात नदीला ‘गंगा’ आणि काठाला ‘गंगाघाट’ म्हणतात. पत्ता विचारणाऱ्या नवख्या माणसाने हे लक्षात ठेवलेले बरे. दोन्ही तीरांना जोडणारा अहिल्याबाई होळकर पूल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधला गेला. त्याचे मूळ नाव व्हिक्टोरिया पूल होते.

निवासाच्या दृष्टीने पंचवटीचे तीन पट्टे पडतात. पहिला पट्टा रामकुंड, सरदार चौक, शनी चौक व काळाराम मंदिर यांच्या दरम्यानच्या अरुंद गल्ल्यांचा. जुने वाडे व धर्मशाळा मुख्यतः येथे आहेत आणि मोठे वाहन आत जात नाही. दुसरा पट्टा पंचवटी कारंजा, मालेगाव स्टँड, निमाणी बसस्थानक आणि दिंडोरी रस्ता यांचा. लॉज, भोजनालये व उपाहारगृहे येथे दाटीने आहेत. तिसरा पट्टा मुंबई–आग्रा महामार्गालगत आडगाव नाका व तपोवनाच्या दिशेने पसरला आहे. वाहनतळ असलेली अलीकडची हॉटेले व मंगल कार्यालये त्यात येतात. पायी रामकुंड गाठायचे असेल तर पहिले दोन पट्टे सोयीचे. स्वतःची गाडी असेल तर तिसरा.

‘पंचवटी’ या नावावरून होणारा एक घोटाळा येथेच नोंदवणे योग्य. नाशकातील ‘पंचवटी’ नावाचे जुने हॉटेल आणि त्याच नावाशी जोडलेले थाळीचे उपाहारगृह पंचवटीत नसून नदीच्या उजव्या तीरावर, वकीलवाडीत आहे. १ नोव्हेंबर १९७५ रोजी सुरू झालेली पंचवटी एक्सप्रेसही मुंबई आणि मनमाड यांच्या दरम्यान धावते. ती पंचवटीत येत नाही. तिचे प्रवासी नाशिक रोड स्थानकावर उतरतात आणि तेथून पंचवटी सुमारे नऊ-दहा किलोमीटर दूर आहे.

इतिहास

उपाध्यांचे वाडे

रेल्वेपूर्व काळात यात्रेकरूच्या निवासाची जबाबदारी प्रामुख्याने तीर्थोपाध्यायांची असे. प्रत्येक उपाध्याय घराण्याकडे ठरावीक प्रदेशांची, जातींची वा कुळांची यजमानी परंपरेने चालत आली आहे. यजमान यात्रेला आला की त्याचे नाव, गाव, वाडवडील व सोबतचे कुटुंबीय यांची नोंद घराण्याच्या वहीत केली जाते. या नामावळ्या पिढ्यान्‌पिढ्या जपल्या गेल्या असून कुळाचा शोध घेणारे लोक आजही त्या पाहण्यासाठी येतात. यजमानाला वाड्यात उतरवून घेणे, विधीची तयारी करणे, श्राद्धाचा स्वयंपाक करवून घेणे आणि परतीच्या वेळी दक्षिणा स्वीकारणे हा या नात्याचा व्यवहार होता. खोलीचे वेगळे भाडे नसे. ते दक्षिणेतच सामावलेले असे. त्यामुळे कोणाला किती खर्च आला हे मोजणे अवघड, आणि घासाघीस उघडपणे करणे त्याहून अवघड, अशी ही पद्धत होती.

मंदिरांच्या आवारातील ओवऱ्यांनीही निवासाचे काम केले. सध्याचे काळाराम मंदिर सरदार रंगराव ओढेकर यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधवले. त्याच्या प्राकाराला लागून कमानींच्या ओवऱ्या आहेत. नदीकाठचे रामेश्वर मंदिर, म्हणजेच नारोशंकराचे मंदिर, १७४७ चे मानले जाते. अशा प्राकारांत साधू, बैरागी व गरीब यात्रेकरू विसावत.

रेल्वे आणि धर्मशाळा

थळ घाटातून जाणारा लोहमार्ग १८६५ मध्ये खुला झाला आणि मुंबईहून नाशिक एका दिवसाच्या टप्प्यात आले. स्थानक गावापासून दूर असल्याने १८८९ मध्ये नाशिक शहर व स्थानक यांच्या दरम्यान घोड्यांची ट्राम सुरू झाली. यात्रेकरूंची संख्या वाढली, तसा उपाध्यांच्या वाड्यांवरचा भार वाढला. मुंबई, गुजरात, राजस्थान येथील व्यापारी घराण्यांनी आणि निरनिराळ्या ज्ञातींच्या मंडळांनी या काळापासून धर्मशाळा बांधण्यास प्रारंभ केला. हवापालटासाठी येणाऱ्यांची सोय करणारी आरोग्यभवने मात्र पंचवटीपेक्षा देवळालीत अधिक झाली. पारशी, जैन, बोहरा आदी समाजांच्या अशा वास्तूंसाठी देवळाली कॅम्प प्रसिद्ध आहे.

धर्मशाळा हा शब्द सर्वांना खुले दार सुचवतो. प्रत्यक्षात बहुतेक धर्मशाळा विशिष्ट ज्ञातीसाठी किंवा ‘सवर्ण हिंदूंसाठी’ होत्या, आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींच्या यात्रेकरूंना मंदिराप्रमाणे निवासाचीही दारे बंद होती. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. त्याच्या संघटनेत दादासाहेब गायकवाड यांचा मोठा वाटा होता. सत्याग्रहाची चर्चा सहसा मंदिराच्या दारापाशी थांबते. परंतु त्याच गावातील पाणवठा, पंगत आणि मुक्कामाची जागा याच नियमाने बांधलेल्या होत्या, हे निवासव्यवस्थेच्या इतिहासात वगळता येत नाही. सार्वजनिक निवासस्थाने व उपाहारगृहे यांत जातीवरून मज्जाव करण्यास भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद १५ ने १९५० पासून प्रतिबंध केला.

या पार्श्वभूमीवर संत गाडगे महाराज यांचे कार्य वेगळे ठरते. त्यांनी पंढरपूर, आळंदी, देहू आणि नाशिक येथे धर्मशाळा उभारल्या. पंढरपुरातील चोखामेळा धर्मशाळा त्यांच्याच प्रयत्नांतून झाली. स्वतः गाडगे महाराजांनी या वास्तूंपैकी एकीतही कायमचा मुक्काम केला नाही. नाशिकची गाडगे महाराज धर्मशाळा गोदाकाठी असून तेथील पुलालाही त्यांचेच नाव आहे.

सध्याची निवासव्यवस्था

धर्मशाळा व भक्तनिवास

धर्मशाळा सहसा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या ताब्यात असतात व धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या असतात. जुन्या धर्मशाळेत मोठे दालन, सामाईक न्हाणीघर व अंगणातील नळ एवढीच सोय असे. अनेक ठिकाणी आता पलंग, स्वतंत्र स्वच्छतागृह व गिझर असलेल्या खोल्या झाल्या असून त्यांना भक्तनिवास किंवा यात्री निवास म्हटले जाते. भाड्याऐवजी ‘देणगी’ आकारण्याची आणि तिची पावती देण्याची पद्धत रूढ आहे. ओळखपत्र सर्वत्र मागितले जाते. काही ठिकाणी एकट्या प्रवाशाला खोली दिली जात नाही, तर काही ठिकाणी विशिष्ट समाजाच्या यात्रेकरूंना अग्रक्रम असतो. सामिष अन्न, मद्य व धूम्रपान यांना मनाई असते आणि रात्री ठरावीक वेळेनंतर दार बंद होते. पहाटेच्या गाडीने किंवा रात्री उशिरा येणाऱ्याने ही वेळ आधी विचारून घ्यावी लागते.

करआकारणीतही हा भेद दिसतो. हजार रुपयांपर्यंतच्या हॉटेलखोलीला असलेली वस्तू व सेवा कराची सवलत १८ जुलै २०२२ पासून रद्द झाली. नोंदणीकृत धर्मादाय वा धार्मिक न्यासाच्या मालकीच्या, धार्मिक स्थळाच्या परिसरातील, दिवसाला हजार रुपयांपेक्षा कमी भाड्याच्या खोल्यांची सूट मात्र कायम राहिली.

लॉज व हॉटेले

लॉज ही पंचवटीची सर्वांत जास्त दिसणारी निवासशैली. तळमजल्यावर दुकाने, वर दोन-तीन मजले खोल्या आणि जिन्याच्या तोंडाशी गादीसारखी मांडलेली नोंदवही, असे तिचे रूप असते. दहाव्या-तेराव्याच्या विधीसाठी आलेल्या कुटुंबांना केवळ काही तासांसाठी खोली लागते: स्नान, कपडे बदलणे, वयोवृद्धांना टेकायला जागा. रामकुंडावर वस्त्रांतरगृह आहे, पण गर्दीच्या दिवशी ते पुरत नाही. म्हणून अर्ध्या दिवसाच्या दराने खोली देण्याचा व्यवहार येथे चालतो.

सुखवस्तू पर्यटकांसाठीची मोठी हॉटेले पंचवटीत फारशी नाहीत. अंबड, पाथर्डी फाटा, कॉलेज रोड व गंगापूर रोड या भागांत ती आहेत. गंगापूर धरणाच्या काठी महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे ग्रेप पार्क रिसॉर्ट आहे आणि त्याच परिसरात द्राक्षबागांना जोडून निवास देणारे वाइननिर्माते आहेत. त्यांपैकी सुला विनयार्ड्स हे नाव सर्वाधिक परिचित आहे. एकाच शहरात दोन वेगवेगळे पाहुणे येतात आणि त्यांची सहसा गाठही पडत नाही. एक रामकुंडावर पहाटे ओल्या वस्त्रांनिशी उभा असतो, दुसरा बारा-पंधरा किलोमीटरवर द्राक्षबागेत संध्याकाळ घालवतो. अलीकडे दुसऱ्या प्रकारचे पाहुणेही सकाळी काळारामाच्या दर्शनाला येऊ लागले आहेत. जानेवारी २०२४ मधील पंतप्रधानांच्या काळाराम मंदिर भेटीनंतर या मंदिराचे नाव देशभर अधिक परिचित झाले.

जुन्या वाड्यांचे निवासात रूपांतर ही शक्यता नेहमी बोलली जाते. लाकडी खांब, चौक व ओसरी असलेले वाडे राजस्थानातील हवेल्यांप्रमाणे हॉटेले होऊ शकतील, असा हा विचार आहे. प्रत्यक्षात वाड्यांची मालकी अनेक वारसांत वाटली गेलेली असते, भाडेकरूंचे हक्क असतात आणि अग्निसुरक्षेच्या अटी अरुंद गल्लीत पाळणे कठीण जाते. परिणामी वाडा दुरुस्त होण्याऐवजी पडतो किंवा पाडला जातो, आणि त्या जागी अपार्टमेंट उभे राहते.

भोजन

मिसळ

नाशिकची सकाळ मिसळीने सुरू होते, आणि पंचवटी त्याला अपवाद नाही. नाशिकची मिसळ काळ्या मसाल्याच्या रश्शासाठी ओळखली जाते. हा मसाला कांदा, सुके खोबरे व खडा मसाला खरपूस भाजून केला जातो. रंगाने गडद असला तरी तिखटपणा कोल्हापुरी मिसळीइतका नसतो. वाडग्यात मोड आलेल्या मटकीची वा मुगाची उसळ, त्यावर शेव-फरसाण, बाजूला कांदा, लिंबू, पापड, दही आणि पाव मांडलेला असतो. रस्सा मागाल तितका वाढला जातो आणि खरा जाणकार त्यावरूनच दुकानाची पारख करतो. पंचवटी कारंजा येथील अंबिका हे या भागातील परिचित मिसळगृह आहे.

मखमलाबाद व गंगापूर रस्त्याकडे चुलीवरची मिसळ आणि द्राक्षबागेतील मिसळ हा प्रकार गेल्या काही वर्षांत फोफावला आहे. झाडाखाली बाज, मुलांसाठी झोके, वाहनांसाठी मोकळे शेत अशी मांडणी असते. शहरातील कुटुंबे रविवारी सकाळी तेथे जातात. येथे मिसळीइतकेच महत्त्व सहलीला असते.

उपवासाचे पदार्थ

तीर्थक्षेत्रात एकादशी, सोमवार, श्रावण व नवरात्र यांचे दिवस जास्त, त्यामुळे उपवासाच्या पदार्थांना मोठी मागणी असते. साबुदाण्याची खिचडी व वडे सर्वत्र मिळतात. मेन रोड परिसरातील सायंतारा साबुदाणा वडा नदीपलीकडचा असला तरी पंचवटीत उतरलेले यात्रेकरू पूल ओलांडून तेथे जातात. पण या भागाचे खरे वैशिष्ट्य भगर हे आहे. इगतपुरी, पेठ, सुरगाणा या डोंगराळ तालुक्यांत वरई पिकते आणि ती भरडून पांढरी भगर तयार करण्याच्या गिरण्या नाशकात आहेत. भगर आणि शेंगदाण्याची आमटी हा उपवासाचा पोटभर जेवणाचा प्रकार येथे घरोघरी होतो. भोजनालयांच्या फलकावर तो साबुदाण्याइतका दिसत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

थाळी, खानावळी व इतर

रामकुंड व काळाराम मंदिर परिसरातील भोजनालये प्रामुख्याने शाकाहारी आहेत. गुजराती-राजस्थानी यात्रेकरूंमुळे गोडसर डाळ, फुलके व कढी असलेली थाळी रूढ झाली. कांदा-लसूण वर्ज्य केलेले जेवण मागितल्यास मिळते. दक्षिण भारतीय यात्रेकरूंच्या तुकड्या अनेकदा स्वतःचा आचारी व शिधा घेऊन येतात, आणि अशांसाठी काही धर्मशाळांत स्वयंपाकाची जागा व मोठी भांडी भाड्याने मिळतात. खानदेश जवळ असल्याने शेवभाजी, वांग्याचे भरीत व कळण्याची भाकरी देणारी दुकानेही आहेत. काळ्या मसाल्याचे मटण व कोंबडी यांसाठी महामार्गावरील धाब्यांकडे जावे लागते.

पंचवटीत दिंडोरी रस्ता व पेठ रस्ता येथे नाशिक कृषी उत्पन्न बाजार समितीचे आवार आहेत. येथून भाजीपाला रात्रीतून मुंबईकडे जातो. त्यामुळे शेतकरी, हमाल व वाहनचालक यांच्यासाठी रात्रभर चहा, भजी, उलटा वडापाव यांच्या गाड्या चालतात. वडा पावात ठेवण्याऐवजी बटाट्याचे सारण भरलेला पावच पिठात बुडवून तळणे, हा उलटा वडापाव नाशिक परिसराचाच समजला जातो. पहाटे पोचलेल्या यात्रेकरूला देवळाजवळ सर्व बंद मिळाले तरी बाजाराच्या बाजूस चहा मिळतोच.

बरोबर नेण्याच्या पदार्थांत चिवडा प्रमुख आहे. कोंडाजी व माधवजी ही नाशिकच्या चिवड्यातील जुनी नावे. याशिवाय जुन्या नाशकातील बुधा हलवाई यांची जिलेबी, मंदिरांभोवतीचे पेढे व बत्तासे, आणि हंगामात मनुका व द्राक्षे विकत घेतली जातात. बुधवारी गंगाघाटावर आठवडे बाजार भरतो. भाजी, धान्य, मसाले, मातीची भांडी यांबरोबर तेथे खाण्याच्या गाड्याही लागतात.

सिंहस्थ काळातील व्यवस्था

दर बारा वर्षांनी गुरू सिंह राशीत असताना नाशिक व त्र्यंबकेश्वर येथे सिंहस्थ कुंभमेळा भरतो. वैष्णव आखाडे नाशकात रामकुंडावर आणि शैव आखाडे त्र्यंबकेश्वरी स्नान करतात. या काळात पंचवटीतील नेहमीच्या खोल्या एकूण गरजेच्या तुलनेत नगण्य ठरतात. तपोवनात साधुग्राम उभारले जाते. २०१५ च्या सिंहस्थात त्यासाठी तीनशे एकरांहून अधिक जमीन वापरली गेली. साधूंच्या खालशांमध्ये भंडारे चालतात, आणि असंख्य यात्रेकरूंचे जेवण तेथेच होते. या जेवणाला पैसे पडत नाहीत व ओळखही विचारली जात नाही.

गर्दीचे नियोजन हा या भागात जिवाशी गाठ असलेला प्रश्न आहे. २७ ऑगस्ट २००३ रोजी शाही स्नानाच्या दिवशी सरदार चौक परिसरातील अरुंद उतारावर चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविकांचा मृत्यू झाला. ज्या गल्ल्यांत धर्मशाळा व लॉज दाटीने आहेत, त्याच गल्ल्या रामकुंडाकडे उतरतात. २०१५ मध्ये म्हणून नवे घाट बांधले गेले, येण्या-जाण्याचे मार्ग वेगळे केले गेले आणि वाहने शहराबाहेर थांबवण्यात आली. २९ ऑगस्ट २०१५ च्या पहिल्या पर्वणीला नाकेबंदी इतकी कडक होती की भाविकांना फार दूर चालावे लागले व त्यावर टीका झाली. तरीही त्या सिंहस्थात २००३ सारखी दुर्घटना घडली नाही.

जाहीर वेळापत्रकानुसार पुढील सिंहस्थाचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी असून नाशकातील मुख्य स्नाने २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट व ११ सप्टेंबर २०२७ या दिवशी आहेत. साधुग्रामासाठी तपोवनातील सतराशेहून अधिक झाडे काढण्याच्या प्रस्तावाला २०२५ च्या अखेरीस नागरिकांनी तीव्र विरोध केला. रामाच्या वनवासाशी जोडलेल्या वनात साधूंच्या निवासासाठी वृक्षतोड करावी काय, असा प्रश्न आंदोलकांनी मांडला.

पूर व नदीकाठची दुकाने

रामकुंडाजवळील दुतोंड्या मारुतीची मूर्ती हे नाशिककरांचे पूरमापक आहे. पाणी मूर्तीच्या पायाशी, कमरेशी, छातीशी की गळ्याशी आले यावरून पुराची तीव्रता सांगितली जाते. वरच्या अंगाला असलेल्या गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की काठावरील टपऱ्या, पूजासाहित्याची दुकाने व खाद्यगाड्या हलवाव्या लागतात. १९६९, २००८, २०१६ व २०१९ या वर्षांचे पूर विशेष मोठे होते. २००८ च्या पुरानंतर नदीकाठी निळी व लाल पूररेषा आखण्यात आल्या. निळ्या रेषेच्या आत बांधकामावर कडक निर्बंध आहेत, आणि रामकुंडालगतच्या अनेक जुन्या वास्तू या रेषांच्या आतच येतात. त्यामुळे त्यांची पुनर्बांधणी अडून राहते. पावसाळ्यात येणाऱ्या यात्रेकरूंनी घाटालगत तळमजल्यावरची खोली घेणे टाळावे, असे स्थानिक लोक सांगतात.

पोचण्याचे मार्ग

नाशिक रोड स्थानकावरून शहर बससेवेच्या गाड्या व रिक्षा मिळतात. ‘सिटीलिंक’ ही महापालिकेची बससेवा जुलै २०२१ मध्ये सुरू झाली असून निमाणी हे तिचे पंचवटीतील प्रमुख स्थानक आहे. येथून त्र्यंबकेश्वर सुमारे ३० किलोमीटर, वणीचा सप्तशृंगगड सुमारे ६० किलोमीटर आणि शिर्डी सुमारे ९० किलोमीटर अंतरावर आहे. अनेक यात्रेकरू पंचवटीत मुक्काम ठेवून या तिन्ही ठिकाणी जाऊन येतात. चैत्र शुद्ध एकादशीला काळारामाचा रथोत्सव असतो. गरुडरथ नदी ओलांडून जुन्या नाशकात जातो, रामरथ मात्र पंचवटीतच राहतो. त्या रात्री मिरवणूक मार्गावरील लॉजमध्ये वाहन आणता येत नाही आणि सामान कारंज्यापासून हातानेच न्यावे लागते.